समर टायर पावसात घसरतात का?

‘समर टायर फक्त कोरड्या उन्हाळ्यासाठी, पावसात ते घसरतात, ऑल-सीझनच (वर्षभर, सगळ्या ऋतूंत वापरायचे टायर) घ्या’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतो आहे. चूक होते ती नावामुळे, आणि ती होणं साहजिक आहे.

नावातला ‘समर’ हवामान कोरडं असण्याबद्दल नाही, तापमानाबद्दल आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या वर हे रबर ओल्या रस्त्यालाही चांगलं धरतं आणि रुंद, सरळ खाचा पाणी बाहेर फेकतात. ऑल-सीझनच्या ठोकळ्यांवर, म्हणजे खाचांमधल्या रबराच्या उंच भागांवर, थंडी-बर्फासाठी बारीक चिरा असतात. त्यामुळे ठोकळा लवचीक होतो. गरम रस्त्यावर जोरात ब्रेक दाबला की तो वाकतो आणि गाडी थोडी पुढे जाऊन थांबते. तापमान ७ अंशांखाली गेलं की समरचं रबर कडक होतं, मग मात्र ऑल-सीझन सरस. बर्फावर समर नकोच.

टायरच्या बाजूवर पाहा. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण असं चिन्ह असेल, तर तो टायर बर्फावरच्या चाचणीत उतरलेला आहे. नुसतं ‘एम प्लस एस’ (M+S, म्हणजे ‘चिखल आणि बर्फ’) हे कंपनीने स्वतःच लिहिलेलं असतं, त्याला अशी चाचणी लागत नाही.

पावसात घसरण्याचं खरं कारण बहुधा झिजलेली खाच. अनेक देशांत कायदेशीर किमान खोली १.६ मिलिमीटर आहे, पण ती ३ मिलिमीटरच्या खाली गेली की पाणी नीट निघेनासं होतं. खाचेच्या तळाशी रबराचा आडवा उंचवटा असतो. ठोकळा त्याच्या पातळीला आला की टायर संपला, मग तो समर असो की ऑल-सीझन.