रायफलीचा दस्ता तुटला : जोडायचा की बदलायचा?

नाशिक येथील आमच्या परवानाधारक शस्त्रदुरुस्ती कार्यशाळेचे ग्राहकांसाठी माहितीपत्रक

दस्ता तुटला की बरेच जण आधी घरातला डिंक लावतात, वरून सुतळी किंवा चिकटपट्टी गुंडाळतात आणि ते सुटले की आमच्याकडे येतात. म्हणून आमची कळकळीची विनंती सुरुवातीलाच करतो. तुटलेल्या जागी काहीही लावू नका. ताजे तुटलेले कोरडे लाकूड असे जोडता येते की पुन्हा दणका बसला तर सांधा टिकतो आणि लाकूड दुसरीकडे जाते. पण त्यावर एकदा डिंक सुकला की तो लाकडाच्या तंतूंत मुरतो, दुसरा डिंक धरू देत नाही आणि खरवडून काढावा तर दोन्ही तुकडे एकमेकांत बसत नाहीत. जोडून भागले असते असे कितीतरी दस्ते केवळ या घाईमुळे बदलावे लागतात.

तुकडे आहेत तसे वर्तमानपत्रात गुंडाळा. बारीकसारीक ढलप्यासुद्धा जमिनीवरून वेचून एका डबीत ठेवा. त्या ढलप्यांमुळे सांधा नीट बसतो.

आणण्यापूर्वी

रायफल रिकामी करा. मॅगझिन काढा, बोल्ट उघडा, चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसते त्या जागेत) नीट पाहून खात्री करा आणि काडतुसे घरीच कुलपात ठेवा. आम्ही काडतुसांसह रायफल स्वीकारत नाही.

शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवान्याच्या शस्त्राची दुरुस्ती करायलाही परवाना लागतो. म्हणून .22 किंवा .315 रायफलीचे काम ओळखीच्या सुताराकडे देऊ नका, तो कितीही कसबी असला तरी. सोबत मूळ परवाना आणा. आम्ही त्याची नोंद वहीत करतो आणि पावती देतो. परवानाधारकाला स्वतः येणे जमत नसेल, तर त्याचे लेखी अधिकारपत्र घेऊन दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी रायफल आणू शकते, कायद्यात तशी तरतूद आहे. 4.5 मिमी कॅलिबरच्या, 20 ज्यूलपेक्षा कमी ऊर्जेच्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तिचे बिल असेल तर आणा.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही रायफलींना ‘शिकारी रायफल’ म्हणायची जुनी सवय आहे, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार शिकार हा गुन्हा आहे. द्राक्षबागेतल्या पक्ष्यांवर एअर रायफल चालवणे यालाही आमचा ठाम विरोध आहे. आम्ही रायफल दुरुस्त करतो ती नेमबाजीच्या सरावासाठी आणि परवान्यात लिहिलेल्या कारणासाठी.

कुठे तुटले आहे?

रायफल स्वस्तातली असली की ग्राहक विचारतात, हिच्यावर खर्च करावा का? आम्ही आधी तडा कुठे गेला आहे ते पाहतो. किमतीचा विचार त्यानंतर.

दस्ता सर्वांत जास्त तुटतो तो मुठीपाशी, चापाच्या मागे हात धरतो तिथे. तिथे लाकूड सर्वांत बारीक असते आणि रायफल खाली पडली की सगळा भार तिथेच येतो. स्वस्त दस्त्यात आणखी एक दोष आढळतो. फळीतून जास्तीत जास्त दस्ते निघावेत म्हणून कापणी अशी होते की मुठीत लाकडाचे तंतू लांबीने न जाता तिरपे बाहेर पडतात. असा दस्ता तिरपा चिरतो. ऐकायला वाईट वाटते, पण जोडायला ही तिरपी चीर फार चांगली, कारण डिंकाला लांबलचक पृष्ठभाग मिळतो. सरळ आडवा तुकडा पडला असेल तर नुसत्या डिंकावर भरवसा ठेवता येत नाही. तिथे आतून भोक पाडून आटे असलेली पितळी सळई बसवावी लागते.

लि-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी पद्धतीच्या रायफलींचा प्रकार वेगळा. इशापूरच्या कारखान्यातली .315 रायफल याच घराण्यातली. तिचा दस्ता दोन भागांचा असतो, मागचा बट वेगळा आणि नळीखालचे पुढचे लाकूड वेगळे. बटच्या आतून, बटप्लेटच्या बाजूने एक लांब बोल्ट जातो आणि बटला ॲक्शनशी (नळीमागच्या, बार उडवणाऱ्या लोखंडी यंत्रणेशी) आवळून धरतो. म्हणजे मुठीच्या मधोमध आधीच भोक आहे, सळई बसवायला जागा नाही. वर बोल्टचा ताण कायम सांध्यावर. अशा रायफलीचा बट मुठीत आडवा तुटला असेल तर आम्ही सरळ नवा बट सुचवतो. तो भाग सुटा असल्यामुळे खर्चही आटोक्यात राहतो, पुढचे लाकूड तसेच वापरता येते. कृपया हा बोल्ट घरी फिरवू नका. या जातीच्या अनेक रायफलींत बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. पुढचे लाकूड आधी न काढता बोल्ट फिरवला की तेही चिरते आणि एकाच्या जागी दोन कामे होतात.

तिसरी जागा म्हणजे ॲक्शनच्या शेपटीमागची, म्हणजे तिच्या मागच्या निमुळत्या टोकामागची चीर. ही केसाएवढी असते आणि बरेच दिवस कोणाच्या लक्षात येत नाही. स्क्रू सैल झाले की प्रत्येक बाराला ॲक्शन मागे सरकते आणि लाकडात पाचरीसारखी घुसते. इथे नुसती चीर भरून उपयोग नाही. झटका जिथे लाकडाने झेलायला हवा, तिथे धातू आणि लाकूड घट्ट भिडले पाहिजेत आणि शेपटीमागे बारीकशी मोकळी फट राहिली पाहिजे. ते काम बेडिंगने होते, म्हणजे ॲक्शन आणि लाकूड यांमध्ये इपॉक्सी (दोन भाग मिसळून घट्ट होणारा डिंक) भरून. चीर बुजवली पण बेडिंग केले नाही, तर ती चीर परत येणारच.

एअर रायफलीत पुढच्या स्क्रूंची भोके आधी खराब होतात. स्प्रिंगच्या एअर रायफलीचा झटका आधी मागे आणि लगेच पुढे बसतो, त्यामुळे स्क्रू सतत ढिले होतात आणि भोके अंडाकृती होत जातात. दुरुस्ती सोपी आहे. भोक मोठे करून त्यात लाकडी खुंटी किंवा धातूची नळी बसवायची.

बटच्या टोकाची कपची निघाली असेल तर चिंता करू नका, ते छोटे काम आहे.

प्लास्टिकच्या दस्त्याबाबत आमचे मत ठाम आहे. पॉलिप्रोपिलीन या प्लास्टिकला इपॉक्सी नीट धरत नाही आणि वरून वितळवून केलेला सांधा दिसायला बरा, झटक्याला कच्चा. मुठीत तडा गेलेला प्लास्टिकचा दस्ता बदला.

तेल मुरलेले लाकूड

तुटण्यामागे तेलाचा हात किती असतो, हे फार थोड्यांना माहीत असते. साफसफाईनंतर भरपूर तेल सोडायचे आणि रायफल नळी वर करून कपाटात उभी करायची, ही सर्रास पद्धत. ते तेल ॲक्शनमधून ओघळत नेमके मुठीच्या लाकडात मुरते. वर्षानुवर्षे खनिज तेल प्यायलेले लाकूड काळे पडते, मऊ होते आणि डिंक धरत नाही.

असे लाकूड आम्ही ॲसिटोनने पुसतो, मग खडूची पूड ॲसिटोनमध्ये कालवून तिचा लेप देतो. लेप सुकताना तेल ओढून घेतो. लेप तेलकट होणे थांबेपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे लागते, म्हणून अशा कामाला वेळ लागतो. घाई करू नका, ही विनंती. लाकूड आतपर्यंत मऊ झाले असेल तर आम्ही जोडून देत नाही. ग्राहकाने आग्रह केला तरी नाही, कारण तो दस्ता गालाला लावायचा असतो.

जोडकामाला आम्ही सावकाश धरणारे इपॉक्सी वापरतो. झटपट चिकटणारा डिंक कडक आणि ठिसूळ असतो, झटक्याला टिकत नाही. मुठीचा आकार गोलसर असल्यामुळे तिथे लोखंडी क्लॅम्प नीट बसत नाही. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळली की चहूबाजूंनी सारखा दाब येतो.

नवा दस्ता घ्यायचा तर

अक्रोड सर्वांत चांगला, वजनाला बेताचा आणि झटका सोसणारा. पण तो महाग पडतो. शिसव मजबूत पण जड, खांद्यावर फार वेळ धरून सराव करणाऱ्याला त्रास होतो. आपल्याकडे सागवान सहज मिळते आणि पावसाळ्यात ते फारसे हलत नाही. त्यात अंगचे तेल असते आणि ते उभे चिरते, म्हणून मुठीतले तंतू लांबीनेच जातील असा तुकडा निवडावा लागतो. लाकूड कोणतेही असो, ते पुरते सुकलेले हवे. इगतपुरी, त्र्यंबकच्या पावसात आणि निफाडच्या कोरड्या थंडीत ओले लाकूड पीळ खाते आणि नेम सरकतो.

मापाकडे लक्ष द्या. चाप ते बटचे टोक हे अंतर मोठ्या माणसाला साधारण 13 ते 14 इंच लागते. मुलांना ते फार होते. 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक जिंकणाऱ्या स्वप्नील कुसाळे यांनी नेमबाजीचे धडे नाशिकमध्ये गिरवले. तशी आस असलेल्या मुलाच्या हाती बापाच्या मापाची एअर रायफल देऊ नका. मान वाकडी करून नेम धरायची सवय लागते आणि ती पुढे सुटत नाही. बट थोडा आखूड ठेवून बटप्लेटखाली काढ-घाल करता येणाऱ्या चकत्या बसवल्या, की मूल वाढेल तसा दस्ता वाढवता येतो.

वरचा हात आम्ही उकळलेल्या जवसाच्या तेलाचा देतो, पातळ थरांत, प्रत्येक थर पुरता वाळवून. पुढे घरी तुम्ही तसा हात दिलात तर तेलाची चिंधी चुरगाळून टाकू नका. जवसाचे तेल सुकताना गरम होते आणि चुरगाळलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवा.

परत नेल्यावर

लाकूड बदलले किंवा जोडले की रायफलीचा नेम बदलतो. परवानगी असलेल्या रेंजवर आधीच्याच जातीच्या काडतुसांनी किंवा छर्ऱ्यांनी नेम पुन्हा लावून घ्या. पहिल्या सरावानंतर स्क्रू तपासा. योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने, मनगटाच्या जोराने आवळा, पक्कड लावू नका. निवडणुकीच्या काळात जमा केलेली रायफल परत आली की तेव्हाही स्क्रू आणि मूठ एकदा उजेडात पाहा. साफसफाईनंतर रायफल नळी खाली करून, जुन्या कापडावर रात्रभर टेकवून ठेवा आणि सकाळी पुसून कुलपात ठेवा. केसाएवढी चीर दिसली तर तिच्या टोकाशी पेन्सिलीने बारीक खूण करा. पुढच्या सरावानंतर चीर खुणेपलीकडे गेली असेल, तर रायफल चालवणे थांबवा आणि आमच्याकडे आणा.