बाबा वेंधळा का असतो?

मुलुंडला बहिणीकडे गेलो होतो. रविवार, स्वयंपाकघरातला नळ गळत होता. प्लंबर संध्याकाळी येतो म्हणाला होता, पण भावोजींनी पाना हातात घेतला. वॉशर तर बदलायचाय, त्यात काय! मेन कॉक बंद करायचा तेवढा राहिला. पुढच्या मिनिटाला फवारा थेट फ्रिजपर्यंत. भावोजी दोन्ही तळव्यांनी नळ दाबून उभे, शर्टातून पाणी गळतंय, बहीण बाथरूममधल्या कॉककडे पळतेय आणि नऊ वर्षांचा भाचा सोफ्यावरून जराही न हलता म्हणतो, “ए बाबा, तू सेम हॅरी आहेस!”

हॅरी म्हणजे जपानी कार्टूनमधल्या शिनचॅनचा बाप. भाच्याच्या पिढीला वेंधळा बाप म्हटलं की हाच आठवतो. माझ्या पिढीला फ्रेड फ्लिंटस्टोन आठवायचा, कॉलेजात इंग्रजी चॅनल बघणाऱ्यांना होमर सिम्पसन. नावं बदलली, पण तिघंही एकाच घराण्यातले. बॉससमोर गोगलगाय, घरात येऊन आवाज चढवणार आणि वीस मिनिटांत तोंडावर आपटणार. हे घराणं आलं कुठून, हे शोधायला कार्टूनच्याही मागे, वर्तमानपत्रातल्या चित्रपट्ट्यांपर्यंत जावं लागतं.

१९१३ मध्ये जॉर्ज मॅक्‌मॅनस या अमेरिकी चित्रकाराने एक पट्टी सुरू केली. तिच्या नावाचा मराठीत अर्थ सांगायचा तर ‘वडिलांना वळण लावणे’. जिग्ज हा आयरिश मजूर अचानक श्रीमंत होतो. बायको मॅगीला आता उच्चभ्रू व्हायचंय, याला मात्र जुन्या दोस्तांबरोबर बसून कोबी आणि खारवलेलं मांस खायचंय. तो गुपचूप सटकतो, ती लाटणं फेकून मारते. लाटणं हे शस्त्र आपलंच आहे असा माझा बरीच वर्षं समज होता.

मग १९३० मध्ये चिक यंगची ब्लाँडी आली. तिचा नवरा डॅगवुड बमस्टेड आपल्याकडच्या इंग्रजी वर्तमानपत्रांतही बरीच वर्षं भेटत असे. उंचच उंच सँडविच, सोफ्यावरची डुलकी, ऑफिसला निघताना पोस्टमनला धडक. पण डॅगवुड मुळात कारकून नव्हता, रेल्वेसम्राटाचा लाडावलेला मुलगा होता. ब्लाँडीशी लग्न करू द्यावं म्हणून त्याने २८ दिवस उपोषण केलं (त्या सुमारास आपल्याकडे येरवड्यात अगदीच वेगळ्या कारणांची उपोषणं चालली होती). १९३३ मध्ये लग्न झालं आणि बापाने त्याला वारसाहक्कातून बेदखल केलं. महामंदीचे दिवस होते. श्रीमंत पोराच्या गमतीजमती वाचायला लोकांना कसलं आलंय सोयरसुतक? डॅगवुडला नोकरी लागली, डिदर्स नावाचा खेकसणारा बॉस मिळाला, मुलं झाली आणि पट्टी धो धो चालली. म्हणजे पगारावर आला तेव्हा कुठे हा माणूस लोकांना विनोदी वाटायला लागला. पुढच्या सगळ्या बापांची किल्ली मला इथेच दिसते.

रेडिओवर १९४४ पासून चेस्टर रायली होता, विमानांच्या कारखान्यात रिव्हेट मारणारा. टीव्हीवर जॅकी ग्लीसनचा राल्फ क्रॅमडेन १९५१ पासून छोट्या प्रहसनांत होता, १९५५ मध्ये त्याची स्वतंत्र मालिका आली. ब्रुकलिनचा बस ड्रायव्हर, दोन खोल्यांचं बिऱ्हाड, दर आठवड्याला झटपट श्रीमंत होण्याची नवी योजना. ‘द हनीमूनर्स’ या मालिकेचे त्या रूपातले भाग अवघे ३९. गंमत म्हणजे राल्फला मूलबाळ नव्हतं. या घराण्यात आधी वेंधळा नवरा जन्मला, बाप तो नंतर झाला.

त्याच काळात टीव्हीवर शहाणे बापही होतेच. ‘फादर नोज बेस्ट’ या १९५४ ते १९६० च्या मालिकेतला जिम अँडरसन विमा कंपनीत होता, घरी येऊन शांतपणे प्रत्येकाचे प्रश्न सोडवायचा. फरक बघा. शहाणा बाप विमावाला, वेंधळा बाप बसवाला. रिचर्ड बुच या समाजशास्त्रज्ञाने राल्फ, फ्रेड, आर्ची (‘ऑल इन द फॅमिली’ मालिकेतला बाप) आणि होमर अशी ओळच लावून हा मुद्दा मांडलाय: टीव्ही पुन्हा पुन्हा कामगार बापाचाच विदूषक करतो, मध्यमवर्गातल्या बापाला मात्र सहसा शहाणपण देतो. मला हे पटतं, पण पूर्ण नाही. त्याबद्दल पुढे.

३० सप्टेंबर १९६० ला एबीसी वाहिनीवर ‘द फ्लिंटस्टोन्स’ सुरू झालं. हॅना-बार्बेरा स्टुडिओने राल्फ आणि त्याचा शेजारी उचलून अश्मयुगात नेऊन ठेवले, हे उघड होतं. ग्लीसनने खटला भरायचं मनात आणलं होतं, पण ‘फ्रेडला टीव्हीवरून घालवणारा माणूस’ म्हणून लोक ओळखतील या भीतीने सोडून दिलं, असा किस्सा सांगतात. हे मुलांचं कार्टून नव्हतंच. रात्री मोठ्यांनी बघायचं होतं. सुरुवातीला प्रायोजकांत सिगारेट कंपनी होती आणि जाहिरातीत फ्रेड आणि बार्नी चक्क झुरके मारायचे.

स्वस्तात कार्टून काढायची हॅना-बार्बेराची युक्ती इथे महत्त्वाची आहे. शरीराचं एकच चित्र ठेवायचं आणि हलवायचं फक्त डोकं, तोंड, हात. त्यांच्या बऱ्याच पात्रांच्या गळ्यात कॉलर किंवा टाय असतो, तो डोकं आणि धड यांचा सांधा झाकायला. कातडं पांघरलेल्या फ्रेडच्या गळ्यात निळा टाय कशाला, हा लहानपणी पडलेला प्रश्न असा सुटतो. चित्र फार हलत नाही म्हटल्यावर सगळा भार संवादांवर, म्हणजे नवरा-बायकोच्या चकमकींवर आला. कार्टून आणि घरगुती मालिका यांचं लग्न जमलं ते असं काटकसरीतून.

फ्रेड दगडाच्या खाणीत कामाला. भोंगा वाजला की डायनॉसॉरच्या शेपटीवरून घसरगुंडी करत थेट गाडीत. तो बाप झाला १९६३ मध्ये, तिसऱ्या सीझनमध्ये. आधी मुलगा व्हायचा ठरला होता, पण मुलीच्या बाहुल्या जास्त खपतात म्हणून पेबल्स जन्मली. बाजारासाठी बाप झालेला हा बहुधा पहिलाच.

१९६२ च्या ‘द जेटसन्स’ने तेच बिऱ्हाड भविष्यकाळात हलवलं. जॉर्ज जेटसनचं काम म्हणजे बटण दाबणं, तरी बॉसच्या नावाने कापरं. प्रत्येक भागाच्या शेवटी तो कुत्र्याला घेऊन चालत्या पट्ट्यावर फिरायला निघतो, पट्टा वेग घेतो, हा त्यात अडकतो आणि बायकोला हाका मारत राहतो. अश्मयुग झालं, अंतराळयुग झालं, मासिक पगार काही सुटला नाही.

मग जवळजवळ पाव शतक या घराण्यात सामसूम. मधल्या काळात १९७१ चा आर्ची बंकर आला, पण तो हाडामांसाचा, आणि त्याचा वेंधळेपणा त्याच्या पूर्वग्रहांत होता. कार्टूनमधला बाप खरा परतला १९८७ च्या एप्रिलमध्ये, ‘द ट्रेसी उलमन शो’मधल्या मिनिटभराच्या तुकड्यांतून. मॅट ग्रोनिंगने पात्रांना आपल्याच घरातली नावं दिली. त्याच्या वडिलांचं नाव होमर. १७ डिसेंबर १९८९ पासून ‘द सिम्पसन्स’ अर्ध्या तासाची मालिका झाली.

होमरचं ‘डोह!’ सगळ्यांना माहीत असतं. स्क्रिप्टमध्ये हा शब्द नसतोच, ‘वैतागलेला हुंकार’ एवढीच सूचना असते. आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलानेटाने तो लॉरेल-हार्डीच्या सिनेमांतल्या जेम्स फिनलेसनकडून घेतला. फिनलेसन लांबवायचा, याने तोडला. २००१ मध्ये ऑक्सफर्डच्या शब्दकोशात गेला.

होमर आला तेव्हा अमेरिकेत बापाचा आदर्श होता डॉक्टर हक्स्टेबल, ‘द कॉस्बी शो’मधला. १९९० मध्ये फॉक्सने होमरला मुद्दाम त्याच्याच वेळेला समोर उभं केलं. १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष बुश (थोरले) भाषणात म्हणाले की अमेरिकी कुटुंबं जुन्या मालिकेतल्या वॉल्टन कुटुंबासारखी जास्त आणि सिम्पसनांसारखी कमी व्हायला हवीत. देशाचा प्रमुख एका पिवळ्या बापाला घाबरला होता.

पण या बापाचा सगळ्यात कडवट भाग १९९७ चा. अणुवीज केंद्रात, जिथे होमर सुरक्षा निरीक्षक आहे (हो, सुरक्षा!), तिथे फ्रँक ग्राइम्स नावाचा माणूस रुजू होतो. आयुष्यभर कष्ट उपसलेला, प्रत्येक गोष्ट झगडून मिळवलेला. राहतो कुठे, तर वर बोलिंगची गल्ली आणि खालीही बोलिंगची गल्ली, मधल्या खोलीत. होमर त्याला घरी जेवायला बोलावतो. दुमजली घर, बायको, तीन मुलं, गाड्या, ताटात लॉबस्टर. ग्राइम्सला कळतच नाही की हा झोपाळू गडी इतकं सगळं कसं मिळवून बसला. शेवटी होमरची नक्कल करताना उच्च दाबाच्या तारांना हात लावतो आणि मरतो. अंत्यविधीला होमर झोपलेला.

बुचच्या मांडणीत मला जे कमी वाटतं ते इथे दिसतं. होमर कामगार आहे, पण एका पगारात घर चालवणारा बाप १९९७ पर्यंत ग्राइम्ससारख्यांना परीकथा वाटायला लागला होता. वेंधळेपणा परवडतो तो नोकरी पक्की असलेल्याला. माटुंगा वर्कशॉपमध्ये किंवा परळच्या गिरणीत चिकटलेल्या बापाच्या आणि कंत्राटावर राबणाऱ्या त्याच्या मुलाच्या घरात हे वेगळं सांगावं लागणार नाही.

पुढची शाखा झरझर. १९९९ मध्ये ‘फॅमिली गाय’चा पीटर ग्रिफिन, ज्याने वेंधळेपणाला निर्लज्जपणाची जोड दिली. मला तो कंटाळवाणा वाटतो. त्याच्याआधी १९९७ मध्येच ‘किंग ऑफ द हिल’चा हँक हिल, जो वेंधळा नाही, जगच त्याला वेंधळं वाटतं. २०११ च्या ‘बॉब्स बर्गर्स’चा बॉब बेल्चर हॉटेल चालवतो, थकलेला असतो, पण बायकोमुलांवर मनापासून जीव टाकतो.

आता आपल्याकडे. १९९५ मध्ये कार्टून नेटवर्क आलं आणि केबल असलेल्या मुंबईकर पोरांना फ्रेड मिळाला. होमर इंग्रजी वाहिनीवरच राहिला, चाळीत पोचला नाही. त्याचं एक कारण भाषा. दुसरं कारण असं की बार्ट बापाला ‘होमर’ म्हणून हाक मारतो. आपल्या घरांत तेव्हा ‘अहो बाबा’ होतं. ‘अहो बाबा’ला वेंधळा म्हणायचं कसं?

आपले वेंधळे गृहस्थ म्हणूनच वेगळ्या वाटेने आले. चिं. वि. जोशींचा चिमणराव. बडोद्याला पाली शिकवणाऱ्या प्राध्यापकाने लिहिलेला हा पुणेकर बाप: बायको काऊ, मुलं मोरू, राघू, मैना. सिनेमात तो दामूअण्णा मालवणकर झाला, सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर, आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पु. ल. देशपांड्यांचे धोंडोपंत बेन्सन जॉन्सन कंपनीतले कारकून. दोघांचंही हसं होतं, पण गोष्ट तेच सांगतात. मुलांना हसायची परवानगी नाही, बाप स्वतःच स्वतःला हसून घेतो आणि आब राखतो. टीव्हीवरच्या जेठालालची सोय आणखी निराळी. २००८ पासून गोरेगावच्या गोकुळधाममध्ये राहणारा हा दुकानदार टप्पूचा बाप आहे, पण त्याला झापतात ते त्याचे वडील, चंपकलाल. २०२१ मध्ये त्याची कार्टून मालिकाही निघाली, आणि तिथेही ‘बापूजी’ आहेतच.

मुलाच्या तोंडून बापाची उडवायला मुभा मिळाली ती २००६ नंतर, हिंदी बोलणाऱ्या शिनचॅनकडून. म्हणूनच त्यावर ओरडही झाली. २००८ मध्ये सरकारने बंदी घातली, पुढच्या वर्षी कात्री लावून तो परतला. तोवर ‘अहो बाबा’चं ‘ए बाबा’ झालं होतं.

योशितो उसुईची ही चित्रकथा १९९० मध्ये सुरू झाली ती मोठ्यांच्या साप्ताहिकात. त्यामुळे बापाचे विनोद नोकरदाराला कळणारे आहेत. हॅरी (मूळ नाव हिरोशी) ३५ वर्षांचा, तोक्योला नोकरी, घर मात्र परवडतं ते लांब कासुकाबेला. आपल्याकडचं बदलापूरच म्हणा. घराच्या कर्जाची ३२ वर्षं बाकी. शिनचॅन पाच वर्षांचाच राहतो, म्हणून हप्तेही सरत नाहीत. आणि बापाच्या मोज्यांना भयंकर वास, हा त्या घराचा कायमचा विनोद.

२००१ च्या सिनेमात तोच वास कामी येतो. जुन्या दिवसांच्या सुगंधाने सगळी मोठी माणसं भुलून लहान मुलं झालेली असतात. शिनचॅन बापाचा बूट काढून त्याच्या नाकाला लावतो. मग एकही शब्द न बोलता दृश्यं येतात: वडिलांच्या सायकलवर मागे बसलेला मुलगा, गाव सोडणारी गाडी, साहेबाची बोलणी, उन्हातली वणवण, लग्न, दवाखान्यातलं बाळ, रात्री उशिरा घराचं दार उघडणारी बायको. हिरोशी रडायला लागतो.

नळ दुरुस्त झाल्यावर त्या संध्याकाळी आम्ही हाच सिनेमा लावला होता. “तो का रडतोय?” भाच्याने विचारलं.

भावोजी कोरडा शर्ट घालून बसले होते. म्हणाले, “वास सहन होत नसेल.”