नदीतला कोई कार्प पकडायचा तर

कोई म्हणजे शोभेसाठी पाळला जाणारा रंगीत कार्प मासा. नदीत दिसणारा कोई बहुधा कुणीतरी सोडून दिलेला, पुरात शोभेच्या तळ्यातून निसटलेला, नाहीतर अशा माशांचा वंशज असतो. जपानच्या निइगाता भागात 19व्या शतकात खाण्यासाठी पाळलेल्या कार्पमधून रंगीत पिल्ले निवडत निवडत ही जात घडवली गेली. रंग सोडला तर अंगाने, तोंडाने आणि सवयींनी तो कार्पच. नदीत वाढलेल्या पिढ्यांत भडक रंगही फारसा टिकत नाही, कारण केशरी पिल्लू शिकारी पक्ष्यांच्या नजरेत आधी भरते. मागे उरतात ती बरीचशी करड्या-सोनेरी अंगाची, मधूनच केशरी-काळे पट्टे असलेली. न्यूझीलंडच्या वायकाटो नदीत असे कोई, तर ऑस्ट्रेलियाच्या मरे-डार्लिंग खोऱ्यात त्यांचे साधे कार्प भाऊबंद माजले आहेत. तळ उकरून ते पाणी गढूळ करतात आणि पाणवनस्पती मुळासकट उपटतात. म्हणून तिथे त्यांना पकडणे हा छंदापुरता विषय राहिलेला नाही.

साधन कितीही भारी असले, तरी कोई कुठे, केव्हा आणि का थांबतो हे कळल्याशिवाय हाताला काही लागत नाही. मुख्य धार त्याला नको असते. वळणाच्या आतल्या बाजूचा डोह, पुलाच्या खांबामागचे संथ पाणी, बुडालेल्या झाडाची सावली, मुख्य पात्राला जोडलेले खाजण किंवा जुने पात्र, या त्याच्या जागा. पाणी नितळ असेल तर पोलराइज्ड (पाण्यावरची चकाकी कापणाऱ्या) चष्म्यातून मासाच दिसतो. गढूळ पाण्यात बुडबुडे पाहावेत. तळ चिवडणाऱ्या कार्पमुळे बारीक बुडबुड्यांचा झुबका उठतो आणि हळूहळू पुढे सरकतो. एकाच जागी थांबून थांबून उठणारे बुडबुडे बहुधा कुजणाऱ्या गाळातल्या वायूचे असतात. तापमापी जवळ ठेवणे फायद्याचे. 10 अंश सेल्सिअसखाली कोई जवळपास खातच नाही, 18 ते 24 अंशांत भूक चांगली असते.

गळाने पकडायचे तर आधी त्याचे तोंड समजून घ्यावे. कार्पच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. तो खाणे चावत नाही, ओढतो. ओठ नळीसारखे पुढे काढून गाळासकट घास आत खेचतो, तोंडातच खाण्याजोगे वेगळे करतो आणि बाकीचे फुंकून बाहेर टाकतो. आमिष थेट गळात टोचले की ते कडक आणि जड लागते आणि गळासकट बाहेर फुंकले जाते. दोरीला साधा हिसकाही बसत नाही.

याच फुंकण्याचा उपयोग करून घेणारी जुळणी म्हणजे हेअर रिग. आमिष गळावर नसते, गळाच्या बाकामागे 10 ते 15 मिलिमीटर लोंबणाऱ्या बारीक दोऱ्यावर असते. मक्याचे दोन दाणे दाभणाने भोकून या दोऱ्यात ओवावेत आणि टोकाच्या फासात छोटी काडी अडकवावी, म्हणजे दाणे निसटत नाहीत. गळ 6 किंवा 8 नंबरचा (नंबर वाढला की गळ लहान), गळाची दोरी 15 ते 20 सेंटिमीटर आणि तिच्या मागे 60 ते 90 ग्रॅमचे शिसे. मासा दाणे ओढतो, उघडा गळही मागोमाग आत जातो. फुंकताना गळ फिरून टोक खालच्या ओठात रुतते. टोचल्यावर मासा पळतो आणि शिशाच्या वजनाने गळ आणखी खोल बसतो. शिसे मात्र अशा क्लिपला लावावे की दोरी तुटली तर ते सुटून पडेल. नाहीतर तुटलेल्या दोरीसह मासा ते ओझे ओढत फिरतो आणि एखाद्या खोडाला अडकून मरतो.

बिघडते ते बहुधा मिलिमीटरांत. दोरा आखूड पडला की दाणा गळाच्या टोकाला चिकटतो आणि टोक रुतत नाही. लांब झाला की दाणे तोंडात आणि गळ बाहेर, अशी गत होते. तळाशी मऊ गाळ असेल तर शिसे त्यात बुडते आणि आखूड दोरीसह आमिषही खाली जाते. तिथे दोरी 25 ते 30 सेंटिमीटर घ्यावी. टाकण्यापूर्वी गळाचे टोक नखावर हलकेच ओढून पाहावे. नखात रुतले तर धार ठीक, घसरले तर गळ बदलावा.

सुका मका तसाच वापरू नये. तो माशाच्या पोटात फुगतो. 24 तास भिजवून, मग दाणे मऊ होऊन फुटू लागेपर्यंत अर्धा तास उकळावा. सुरुवातीला दोन मुठी पुरे. एकदम किलोभर ओतले तर मासा आपल्या दोन दाण्यांपर्यंत येण्याआधीच पोट भरून निघून जातो. आणि नदीत दाणे जिथे फेकले तिथे पडत नाहीत. पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर असेल आणि दाण्याला तळाशी जायला 5 सेकंद लागत असतील, तर तो अडीच मीटर खाली वाहून जातो. फेक तितकी वरच्या अंगाला हवी. शिसे चपटे निवडावे, गोल शिसे तळावरून गडगडते. रॉडचे टोक उंच ठेवले की दोरीचा कमी भाग पाण्यात राहतो, वाहता पालापाचोळा तिच्यावर साचत नाही आणि शिसे ओढले जात नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी: गळाने नदी कोईमुक्त होत नाही. मोठी मादी दर किलो वजनामागे लाखाच्या आसपास अंडी घालते. त्यातली थोडी जरी जगली तरी काठावरच्या सगळ्या गळांनी पाडलेली तूट भरून निघते.

जाळ्याने जास्त मासे मिळतात, पण नदीत जाळे लावणे हे तलावापेक्षा कठीण काम. ओढजाळ्याची शिसेदोरी, म्हणजे वजने लावलेली खालची दोरी, प्रवाहाने तळापासून उचलली जाते आणि कार्प नेमका त्या फटीतून निसटतो. तळ सपाट नसेल, खोडे असतील, तर जाळे फाटते. शिवाय तरंगदोरीवरून, म्हणजे वरच्या तरंगत्या दोरीवरून, उडी मारणारेही असतातच. म्हणून ओढजाळे फक्त खाजणात किंवा जुन्या पात्रात चालवावे, पाण्याच्या खोलीच्या किमान दीडपट उंचीचे घ्यावे आणि खालची दोरी नेहमी वरच्या दोरीच्या पुढे ओढावी. गिलनेट, म्हणजे कल्ल्यांत अडकवणारे जाळे, प्रवाहाला आडवे लावू नये, कचऱ्याने तासाभरात भिंत होते. संथ पाण्यात लावून लांबच्या बाजूने वल्ही आपटत मासे त्याच्याकडे हाकावेत. कोईच्या पाठीवरच्या पराचा पहिला काटा करवतीसारखा दातेरी असतो. तोच जाळ्यात गुंततो आणि तोच जाळे सोडवणाऱ्याच्या तळहातात घुसतो. कासवे आणि पाणपक्षी या जाळ्यात गुदमरतात, म्हणून ते रात्रभर सोडून जाऊ नये.

मोठ्या मोहिमांचे मुख्य साधन म्हणजे पाण्यात वीज सोडून मासे पकडणारी बोट. पुढे टांगलेल्या धन इलेक्ट्रोडभोवती विद्युतक्षेत्र तयार होते. स्पंदित एकदिश प्रवाहात (एकाच दिशेने, पण ठोक्याठोक्याने वाहणाऱ्या विजेत) माशाचे स्नायू त्याला इलेक्ट्रोडकडे पोहायला लावतात, मग तो भोवळून उलटतो आणि हातजाळ्याने उचलता येतो. सगळा खेळ पाण्याच्या विद्युतवाहकतेवर. पाणी आणि माशाचे शरीर यांची वाहकता साधारण सारखी असते, तेव्हा ऊर्जा माशापर्यंत उत्तम पोहोचते. फार शुद्ध पाण्यात प्रवाहच पुरेसा वाहत नाही, तिथे व्होल्टेज वाढवावे लागते. खारट पाण्यात वीज माशाला वळसा घालून जाते आणि उपकरणावरचा भार वाढतो. म्हणून पहिले काम जनरेटर सुरू करणे नसून वाहकता मोजणे हे आहे. वारंवारिता (सेकंदाला विजेचे किती ठोके) जितकी जास्त, तितकी पाठीच्या कण्याला इजा होण्याची शक्यता जास्त, त्यामुळे स्थानिक मासे वाचवायचे असतील तर ती कमी ठेवतात. मोठ्या माशाच्या डोके ते शेपटी या अंतरात विभवांतर (व्होल्टेजमधला फरक) जास्त पडते, म्हणून मोठे कोई लवकर लागतात आणि बोटुकली निसटतात. सुमारे 2 मीटरपेक्षा खोल पाण्यात परिणाम फारसा उरत नाही, गढूळ पाण्यात भोवळलेला मासा दिसतच नाही. हे काम परवानगीचे, प्रशिक्षित पथकाचे आणि रबरी हातमोज्यांचे आहे. घरगुती वीज किंवा इन्व्हर्टरची तार पाण्यात सोडणारे माशाआधी स्वतः मरू शकतात.

सगळ्यात चतुर उपाय मात्र वीज किंवा आमिषाशिवायचा आहे. विणीच्या हंगामात, पाणी 17-18 अंशांपुढे गेले की कार्प उथळ, गवताळ पाण्याकडे सरकतात आणि वाटेत बंधाऱ्यांच्या मत्स्यमार्गांत (माशांना बंधारा ओलांडता यावा म्हणून बांधलेल्या वाटांत) गोळा होतात. अडवले की ते उडी मारतात. मरे नदीत आढळणारे बरेच स्थानिक मासे उडी न मारता अडथळ्याला ढकलत राहतात. याच फरकावर बेतलेला विल्यम्स पिंजरा तिथे वापरला गेला: आत शिरलेला जो मासा उडी मारून पाण्यावर आलेला कडा ओलांडतो तो कार्प, तो पलीकडच्या कप्प्यात अडकतो, उरलेल्यांना बाहेर सोडतात. उडीची लकब जिथल्या स्थानिक माशांतही आहे, तिथे हा पिंजरा निरुपयोगी. ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावरच्या तलावांत 1995मध्ये कार्प सापडल्यावर नर माशांच्या शरीरात रेडिओ ट्रान्समीटर बसवून त्यांना परत सोडले. ते इतर कार्पकडे गेले आणि त्यांच्या मागे जाळी नेली गेली. नदीतही ही युक्ती चालते, फक्त अँटेना घेऊन काठाने बरेच चालावे लागते.

धनुष्यबाणाने मारणाऱ्यांसाठी एकच नियम: मासा दिसतो त्याच्या खाली नेम धरा. सरळ वरून पाहिले तरी तो खऱ्या खोलीच्या तीन चतुर्थांशावरच दिसतो, तिरके पाहिले तर आणखी उथळ.

पकडलेला कोई परत सोडायचा की नाही, हे त्या जागेच्या कायद्यावर ठरते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलिया या राज्यांत तो पाण्यात परत सोडणे हा गुन्हा आहे, इतर देशांत उलट असू शकते. मारायचा असेल तर डोळ्यांच्या किंचित मागे, डोक्याच्या वरच्या बाजूला जड दांडक्याचा एक जोरदार घाव घालून मग कल्ले कापावेत. काठावर टाकून दिला तर कार्प बराच वेळ तडफडतो, कारण हवेत तो इतर माशांपेक्षा जास्त टिकतो. जाळी आणि बूट दुसऱ्या नदीत नेण्यापूर्वी गाळ, पाने आणि चिकट अंडी धुऊन काढावीत आणि सगळे उन्हात पूर्ण वाळवावे. जाळ्याच्या गाठींत अडकलेले पाणवनस्पतीचे तुकडे हाताने एकेक काढावे लागतात, नुसत्या पाण्याने ते जात नाहीत.