सिमेंटची फरशी बॅटरी उतरवते?

गाडीची बॅटरी काढून गॅरेजच्या फरशीवर ठेवली की घरातलं कुणीतरी लगेच लाकडी फळी पुढे करतं: "खाली ठेवू नका, सिमेंट करंट ओढून घेतं." तसं काही होत नाही. समजूत मात्र हवेतून आलेली नाही. जुन्या बॅटऱ्यांच्या पेट्या लाकडाच्या, नंतर कडक रबराच्या असत. ओल आणि गळकं अ‍ॅसिड यांमुळे करंट झिरपायला वाट मिळे. आजची पेटी पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकची, वीज अजिबात न वाहू देणारी.

मग महिन्याभराने बॅटरी उतरलेली का सापडते? गाडीतली लेड-अ‍ॅसिड (शिसं आणि अ‍ॅसिडची) बॅटरी नुसती पडून असली तरी आतल्या आत चार्ज गमावते, आणि उष्णता वाढली की जास्त वेगाने. म्हणजे गार फरशी उलट बरीच! मे महिन्यात विदर्भातल्या पत्र्याच्या शेडमधला उंच कप्पा त्याहून वाईट. वरच्या झाकणावर साचलेली ओलसर, अ‍ॅसिड मुरलेली धूळ मात्र दोन टर्मिनलांमध्ये खरोखर वाट करून देते. ती पुसा.

फळी ठेवलीत तरी बिघडत काही नाही. चार्जिंगनंतर काही तासांनी मल्टिमीटरवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं, तर बॅटरी भरलेली. पडून राहून १२.४ च्या खाली गेली की चार्जर लावा, नाहीतर आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो, बॅटरी चार्ज धरेनाशी होते आणि दुकानदार नवीच बॅटरी दाखवतो.