बीटी कपाशीच्या परागाने मधमाश्या मरतात?

सांगोल्याकडे डाळिंबाला फळ कमी लागलं, की शेजारच्या बीटी कपाशीवर, म्हणजे बोंडअळी मारणारं प्रथिन स्वतःच बनवणाऱ्या जनुक-बदल केलेल्या कपाशीवर, खापर फुटतं: तिचा पराग म्हणे मधमाश्या मारतो. हे खरं नाही. २००२ साली भारतात परवानगी मिळालेल्या या कपाशीतलं क्राय १एसी प्रथिन बोंडअळीच्या आतड्याला चिकटून तिथे भोकं पाडतं. मधमाशी किंवा ढालकिडा, क्रायसोपा या मित्रकिडी, यांच्या आतड्यात ते चिकटतच नाही.

मधमाश्या मरतात त्या फवारणीने. मावा, तुडतुडे, पांढरी माशी बीटीला जुमानत नाहीत. गुलाबी बोंडअळीही आता दाद देत नाही. मग भर फुलोऱ्यात, मधमाश्या फुलांवर असतानाच पंप चालतो. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तर त्यांना फारच घातक. फवारायचंच असेल तर दिवस मावळताना फवारा, आणि शेजारच्या बागेत मधपेट्या असतील तर आदल्या दिवशीच सांगून ठेवा.