कॅम्पबेल (गेलिक आडनाव)

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अर्गाइल भागात रुजलेले आणि पुढे इंग्रजी बोलणाऱ्या जगभर पसरलेले आडनाव. गेलिक या स्कॉटलंडच्या जुन्या भाषेतले मूळ रूप ‘काइम्बल’. ‘काम’ म्हणजे वाकडा आणि ‘बिअल’ म्हणजे तोंड, थोडक्यात, वाकडतोंड्या. कोणा पूर्वजाला चिकटलेले हे टोपणनाव वंशजांचे आडनाव होऊन बसले. बोबडे, टकले, वाकडे अशा आडनावांची सवय असलेल्या मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. कॅमेरॉन हे हायलँडमधले, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातले, दुसरे नामांकित आडनावही याच वळणाचे. त्यात ‘काम’ला नाक या अर्थाचा शब्द जोडलेला आहे, म्हणून कॅमेरॉन म्हणजे वाकड्या नाकाचा.

इंग्रजी लेखनात मधोमध येणारा ‘प’ बोलताना गिळला जातो. जुन्या कागदपत्रांत तो नव्हताच. तो घुसला त्याला एक दंतकथा कारणीभूत मानतात. घराणे मातब्बर झाल्यावर वाकड्या तोंडाची व्युत्पत्ती खटकू लागली असावी. मग हे नाव लॅटिनमधल्या ‘कांपो बेल्लो’ म्हणजे ‘सुंदर मैदान’ या शब्दांवरून आले आणि मूळपुरुष फ्रान्सकडून आलेला नॉर्मन सरदार होता, असे सांगितले जाऊ लागले. हा दावा टिकत नाही. गावावरून पडलेल्या नॉर्मन नावाआधी ‘चा’ या अर्थाचे ‘द’ लागते; या घराण्याच्या सर्वांत जुन्या नोंदींत ते कुठेच नाही. गेलिकमध्ये तर हे नाव आजही विशेषणासारखे चालते. पुरुष ‘काइम्बल’, तर स्त्री ‘खाइम्बल’. पाटील-पाटलीण यांसारखाच प्रकार, फक्त बदल शेवटी न होता पहिल्या अक्षरात होतो.

लेखी पुराव्यात हे नाव प्रथम 1263 मध्ये, गिलेस्पिक कॅम्पबेल याच्या जमिनीच्या संदर्भात आढळते. भाटांच्या वंशावळी अर्थातच त्याहून फार मागे जातात. त्यांच्या मते हे घराणे रानडुक्कर मारणाऱ्या दिआर्मद या पुराणवीराचे. घराण्याच्या चिन्हातले डुकराचे मुंडके त्याच कथेशी जोडतात. खरा कर्ता पुरुष गिलेस्पिकचा मुलगा कॉलिन. तेराव्या शतकाच्या अखेरीस मॅकडूगल घराण्याशी झालेल्या लढाईत तो पडला. त्याला ‘कॅलन मोर’ म्हणजे थोरला कॉलिन म्हणतात, आणि घराण्याच्या प्रमुखाला गेलिकमध्ये आजही ‘मॅक कॅलन मोर’, थोरल्या कॉलिनचा पुत्र, असेच संबोधतात. म्हणजे वाकड्या तोंडाचे नाव सगळ्या कुळाला, पण प्रमुखाची ओळख मात्र कॉलिनवरून.

कॉलिनचा मुलगा नील याने स्कॉटलंडच्या गादीसाठी झगडणाऱ्या रॉबर्ट ब्रूसची बाजू धरली आणि ब्रूसची बहीण मेरी हिच्याशी लग्न केले. ब्रूस जिंकला, विरोधी मॅकडूगल खचले आणि कॅम्पबेलांचे दिवस पालटले. 1457 मध्ये अर्गाइलची अर्लकी हा सरदारी किताब, 1701 मध्ये त्याहून वरचे ड्यूकपद. चढती कमान सरळ मात्र नव्हती. अर्गाइलचा मार्क्विस (अर्ल व ड्यूक यांच्या मधला किताब) 1661 मध्ये आणि त्याचा मुलगा 1685 मध्ये, असे लागोपाठ दोघे प्रमुख राजद्रोहाच्या आरोपाखाली शिरच्छेदाला सामोरे गेले.

या सत्तेमुळे आडनावाचे स्वरूपच बदलले. अर्गाइलमधली लहान कुळे आश्रयासाठी कॅम्पबेल म्हणवू लागली. 1603 मध्ये मॅकग्रेगर या कुळाचे नाव धारण करण्यावरच बंदी आली, तेव्हा त्यांतल्या अनेकांनी नवी आडनावे घेतली. पुढच्या काळातला प्रसिद्ध रॉब रॉय मॅकग्रेगर आईचे कॅम्पबेल हे नाव लावत असे. आयर्लंडमधल्या टिरोन भागातल्या ‘मॅक कहवील’ या वेगळ्या घराण्याचे नावही इंग्रजीत लिहिताना कॅम्पबेल झाले. त्याचा मूळ अर्थ लढवय्या नायक. वाकड्या तोंडाशी त्याचा काही संबंध नाही. तेव्हा दोन कॅम्पबेल भेटले की त्यांना भाऊबंद समजण्याची घाई करू नये.

नावाला सर्वांत मोठा बट्टा लागला तो हायलँडमधल्या ग्लेन्को दरीत. 1692 च्या फेब्रुवारीत रॉबर्ट कॅम्पबेल हा कॅप्टन आपल्या शिपायांसह तिथल्या मॅकडोनल्डांच्या घरी उतरला. तिथल्या प्रमुखाची एक सून त्याच्या नात्यातलीच होती. जवळपास दोन आठवडे यजमानांचे अन्न खाल्ल्यावर 13 तारखेच्या पहाटे, वरून आलेल्या लेखी हुकमानुसार, त्यांनी सुमारे 38 जणांना ठार केले. घरे जाळल्यावर बर्फात पळालेले आणखी काही थंडीने मेले. शिपायांत कॅम्पबेल आडनावाचे थोडेच होते आणि हुकूम सरकारचा होता. तरी लोकस्मृतीने हिशेब या आडनावाच्या नावे मांडला, कारण मीठ खाऊन केलेला घात गेलिक समाजात साध्या खुनाहून वाईट. ग्लेन्कोतल्या एका जुन्या खाणावळीत ‘फेरीवाल्यांना व कॅम्पबेलांना मज्जाव’ अशी पाटी आहे. आता ती गंमत म्हणून, पण गंमत कळायला तीनशे वर्षांपूर्वीची ती पहाट ठाऊक असावी लागते.

भारताशी या नावाचा संबंध बराच आहे. 1857 च्या उठावात सरसेनापती म्हणून आलेला कॉलिन कॅम्पबेल जन्माने कॅम्पबेल नव्हताच. ग्लासगोतल्या मॅक्लिव्हर नावाच्या सुताराचा तो मुलगा. सैन्यात भरती करायला मामाने त्याला यॉर्कच्या ड्यूककडे नेले. मामा कॅम्पबेल, म्हणून ड्यूकने पोरालाही त्याच नावाने नोंदवले आणि मामाने चूक दुरुस्त करू दिली नाही, अशी हकीकत सांगतात. याच उसन्या नावाच्या सेनापतीने 6 डिसेंबर 1857 रोजी कानपूर येथे तात्या टोपे यांच्या फौजेचा पराभव केला. पाकिस्तानी पंजाबातले अटक शहर पूर्वी त्याच्या नावाने कॅम्पबेलपूर होते. 1978 मध्ये ते अटक झाले.

महाराष्ट्राच्या अभ्यासकाला मात्र दुसरा कॅम्पबेल अधिक जवळचा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचे संपादक जेम्स मॅकनॅब कॅम्पबेल यांनी 1880 च्या दशकात खानदेश, पुणे, कोल्हापूर असे खंड सिद्ध केले. पिके, जाती, घाट, किल्ले, आठवडी बाजार यांची जिल्ह्यागणिक नोंद त्यांत आहे, आणि गावचा इतिहास शोधणारा आजही आधी तेच खंड उघडतो. त्यांच्या मधल्या नावाचेही मूळ गेलिकच. मॅकनॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा.

जमैकात हे आडनाव अतिशय प्रचलित आहे. तिथे स्कॉटिश मळेवाल्यांबरोबर ते गेले आणि गुलाम म्हणून राबवलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांकडेही आले. वेस्ट इंडिजचा सलामीवीर जॉन कॅम्पबेल जमैकाचा. लंडनमध्ये जन्मलेल्या नाओमी कॅम्पबेल या मॉडेलचे कुळही तिथलेच.