पास्तोरेला

या नावाचे दोन कलाप्रकार आहेत. एक म्हणजे दक्षिण फ्रान्समधील ऑक्सितान भाषेतले, १२व्या-१३व्या शतकात बहरलेले संवादगीत. दुसरे म्हणजे मेक्सिकोत नाताळच्या सुमारास होणारे धार्मिक नाटक. दोन्हींत मेंढपाळ बोलतात, आणि सगळी गंमत त्यांच्या बोलण्यात असते.

गीताचा साचा ठरलेला. घोडेस्वार सरदार माळावर एकट्या मेंढपाळणीला गाठतो, लाडीगोडी लावतो आणि सवाल-जवाब सुरू होतात. कथन सरदाराचेच असते. मार्काब्र्यू या कवीच्या १२व्या शतकातील प्रसिद्ध गीतात सात ओळींची बारा कडवी आणि शेवटी तीन-तीन ओळींची दोन छोटी कडवी आहेत. दर कडव्याची चौथी ओळ ‘विलाना’ म्हणजे खेडवळ बाई या शब्दावर थांबते. सरदार मेंढपाळणीला हे बिरुद पुन्हा पुन्हा चिकटवतो आणि तीच दर वेळी त्याला निरुत्तर करते : दरबाऱ्याने दरबारी थाटाचे प्रेम शोधावे, खेडुताने खेडवळ बाई. गिरॉट रिकिये या कवीने १२६० ते १२८२ या काळात सहा गीतांतून एकाच मेंढपाळणीची भेट घडवली. शेवटच्या गीतापर्यंत ती एका मुलीची आई झालेली असते.

तुलूझमधील १४व्या शतकातल्या काव्यशास्त्रग्रंथात गाई, शेळ्या, डुकरे, हंस राखणाऱ्या मुलींनुसार या गीताचे पोटप्रकार दिले आहेत. या प्रकारात कवीचा तोल इतर प्रकारांपेक्षा जास्त सुटतो, म्हणून हलके शब्द टाळावेत, अशी ताकीदही आहे. ती अनाठायी नव्हती. उत्तर फ्रान्समधील याच प्रकारच्या अनेक गीतांत तर सरदार सरळ बळजबरी करतो.

मेक्सिकोतील नाटकाची बीजे १६व्या शतकात स्पॅनिश मिशनऱ्यांनी रुजवली. देवदूत येशूजन्माची वार्ता देतो आणि मेंढपाळ बेथलेहेमची वाट धरतात. सैतान लूसिफर त्यांना खाणेपिणे, झोप, भांडणे यांत अडकवतो. शेवटी मुख्य देवदूत मीखाएल तलवारीने त्याला लोळवतो आणि मंडळी बाळापुढे भेटी ठेवतात. मेंढपाळांतला बार्तोलो हा आळशी, अंथरूण सोडायला नाखूश, गीला स्वयंपाकीण, सोबत भलीमोठी जपमाळ घेतलेला एक वृद्ध संन्यासी. मेंढपाळांच्या काठ्यांना घुंगरू आणि कागदी फुले बांधतात.

सैतान आणि बार्तोलो यांना सर्वाधिक टाळ्या मिळतात, त्यामुळे नट राजकारण्यांवर आयत्या वेळचे विनोद घुसडतात. ते लांबले की बेथलेहेमचा प्रवेश घाईत उरकावा लागतो. अमेरिकेतील टेक्सास आणि न्यू मेक्सिकोतही स्पॅनिशभाषक वस्त्यांत हे नाटक ‘लोस पास्तोरेस’ या नावाने होत आले आहे.